डिसेंबरच्या शिबिराची तयारी जूनपासून

बी-४०३ (स्काउटमास्तर): नमस्कार मंडळी. सोसायटीच्या स्काउट-गाइडच्या परवाच्या सभेनंतर पाच-सहा पालकांनी एकच प्रश्न विचारला, "मुलाला फक्त डिसेंबरच्या शिबिराला पाठवलं तर चालेल का?" चालणार नाही, आणि त्याचं कारण इथेच सगळ्यांसाठी लिहितो. शिबिरात आठ जणांचा एक संघ असतो. तोच तंबू ठोकतो, तोच चूल पेटवतो, तोच रांधतो आणि तोच भांडी घासतो. मोठी माणसं बाजूला उभी राहून लक्ष ठेवतात, हात लावत नाहीत. एका मुलाने खुंटीला गाठ चुकीची मारली तर रात्री दोन वाजता तंबू आठही जणांच्या अंगावर येतो. म्हणून जूनमध्ये गाठी, सप्टेंबरमध्ये तंबू, ऑक्टोबरमध्ये नकाशा, नोव्हेंबरमध्ये एका रात्रीचा मुक्काम आणि मग डिसेंबरमध्ये तीन रात्री. मधली पायरी गाळून वरच्या पायरीवर कुणालाही घेत नाही.

ए-२०४: सर, सुरुवातीला काय काय आणायचं? दोर कुठला घेऊ? दुकानात नायलॉनचा रंगीत दोर स्वस्त मिळतोय.

बी-४०३ (स्काउटमास्तर): नायलॉनचा नको. तो गुळगुळीत असतो, बरोबर मारलेली गाठही त्यावर सरकते आणि मुलाला आपली चूक झाली की दोराची तेच कळत नाही. सुती दोर घ्या, ८ मिलिमीटर जाड, ३ मीटर लांब, प्रत्येकाला एक. दोन्ही टोकं जाड दोऱ्याने गुंडाळून बांधायची, नाहीतर आठवड्यात पीळ सुटून झिपऱ्या होतात.

पहिल्या महिन्यात पाचच गाठी: रीफ नॉट (एकाच दोराची दोन टोकं जोडणारी), शीट बेंड (दोन वेगळ्या जाडीचे दोर जोडणारी), क्लोव्ह हिच (खांबाला दोर अडकवणारी), बोलाइन (ताण पडला तरी न आवळणारा फासा) आणि राउंड टर्न अँड टू हाफ हिचेस (खुंटीला किंवा खांबाला दोर बांधणारी). रीफमध्ये नेहमीची चूक म्हणजे दोन्ही वेळा उजवंच टोक वर घेणं. डावं उजव्यावर, मग उजवं डाव्यावर, असं हवं. तपासायची खूण सोपी आहे: बरोबर गाठीत प्रत्येक मोकळं टोक आपल्याच दोराला चिकटून समांतर पडतं. टोकं आडवी बाहेर आली की ती गाठ ताण पडल्यावर सरकणार. आणि बरोबर मारलेली रीफसुद्धा बँडेजसाठी, पुडकी बांधायसाठी. माणसाचं वजन तिच्यावर कधीही टाकायचं नाही, तिथे बोलाइन.

ए-२०४: आणि ते बांबूचे स्टँड वगैरे?

बी-४०३ (स्काउटमास्तर): ते ऑगस्टमध्ये. चौकोनी लॅशिंग, म्हणजे दोन बांबू काटकोनात दोराने बांधणं: क्लोव्ह हिचने सुरुवात, दोन्ही बांबूंभोवती तीन वेढे, मग दोन बांबूंच्या मधून दोन आडवे आवळे (वेढे करकचून घट्ट करणारे फेरे), शेवट पुन्हा क्लोव्ह हिच. वेढे सगळे नीट घेतात, पण आवळे ढिले राहतात. बांधणीची ताकद त्या आवळ्यांत असते. हाताने हलवून करकर आवाज आला तर सोडून परत बांधायचं.

सी-३०२: सर, माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला या वर्षी घेता येईल?

ए-१०२ (गाइड कॅप्टन): वहिनी, दहा पूर्ण होईपर्यंत ती बुलबुलमध्ये (लहान मुलींच्या गटात) बसेल. दहानंतर गाइड, म्हणजे मुलींची शाखा. गाइडचं पथक वेगळं असतं, कॅप्टन बाई असतात, राहण्याची व्यवस्था स्वतंत्र. काम मात्र तेच आणि सोपानही (पायऱ्याही) तेच: प्रवेश, प्रथम, द्वितीय, तृतीय, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार. बुलबुलना रात्रीच्या मुक्कामाला नेत नाही, दिवसाच्या सहलीला नेतो.

डी-५०१: पावसाळी ट्रेक का नाही ठेवला? पोरांना तोच आवडतो.

ए-६०१ (ट्रेकवाले काका): ठेवलेला नाही तेच योग्य आहे. जुलैत ओल्या कातळावर शेवाळ धरतं, बुटाचा तळ कितीही चांगला असो. त्याहून मोठा धोका ओढ्याचा. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस पडत असतो. नितळ पाणी अचानक गढूळ झालं आणि त्यात काटक्या-पानं वाहायला लागली की पाणी वाढतंय असं समजायचं आणि तत्क्षणी काठावर वर सरकायचं. गुडघ्यापर्यंतच्या वाहत्या पाण्यात बारा वर्षांचं मूल उभं राहू शकत नाही. जुलैची सहल म्हणजे सपाट रस्त्याने शेतातून ८ किलोमीटर चालणं. ओले कपडे, ओली पाठपिशवी आणि ओला खाऊ म्हणजे काय ते तिथे कळतं, तेवढं पुरे. आणि विजेचा नियम पाठ हवा: लखलखाट आणि गडगडाट यात ३० सेकंदांहून कमी अंतर असेल तर उघड्यावरून हलायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं तिथे परतायचं नाही.

सी-२०१ (डॉक्टर): त्यात एक भर. पायाला जखम असेल तर चिखलाच्या, गुरं बसतात अशा पाण्यात उतरायचं नाही, लेप्टोस्पायरोसिस (जनावरांच्या लघवीतून पसरणारा जंतुसंसर्ग) त्यातूनच होतो. जखम वॉटरप्रूफ पट्टीने झाका. आणि सहलीनंतर दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरला "चिखलात चाललो होतो" हे आवर्जून सांगा.

ए-२०४: ऑक्टोबरमध्ये कुठे जाणार?

ए-६०१ (ट्रेकवाले काका): लोहगड. मळवली स्टेशन, भाजे गाव, गायमुख खिंड, मग पायऱ्या. ऑक्टोबरमध्ये हवा स्वच्छ असते, आणि माथ्यावरून होकायंत्राचा अभ्यास उत्तम होतो. दक्षिणेला पवनेच्या जलाशयाकडे तुंग आणि तिकोना हे किल्ले दिसतात. दोन्ही टोकदार, त्यामुळे नेम धरायला सोपे. पहिल्यावर होकायंत्र धरून कोन घ्यायचा, १८० मिळवायचे (कोन १८० हून जास्त असेल तर वजा करायचे), आणि नकाशावर त्या किल्ल्यापासून तेवढ्या कोनाची रेघ काढायची. दुसऱ्याचं तसंच. दोन रेघा जिथे छेदतात तिथे आपण उभे. मुलं जवळ दिसतो म्हणून विसापूर निवडतात आणि फसतात. तो लांबट पठाराचा किल्ला आहे, त्यावर नेमका बिंदू कुठला धरायचा? खिशात मोबाइल ठेवून किंवा लोखंडी कठड्याला टेकून कोन घेतला तरी काटा भरकटतो. आपल्याकडे खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यात एक अंशाचाही फरक नाही, तो हिशेब करावा लागत नाही.

रात्रीचा अभ्यास इथेच सोसायटीच्या गच्चीवर. या दिवसांत संध्याकाळी सप्तर्षी खाली असतात, म्हणून शर्मिष्ठेवरून (M अक्षरासारखा तारकासमूह) ध्रुव शोधायचा. तो आपल्या अक्षांशाइतकाच वर असतो, साधारण साडेअठरा अंश. हात ताठ लांब करून मूठ धरली की १० अंश होतात, म्हणजे क्षितिजापासून दोन मुठींच्या जरा खाली बघा.

डी-५०१: किल्ल्यावर चुलीवर चहा करू का?

ए-६०१ (ट्रेकवाले काका): अजिबात नाही. एक तर या संरक्षित वास्तू आहेत. दुसरं म्हणजे कड्यांच्या, लेण्यांच्या कपारींत आग्यामोहोळं असतात आणि धूर गेला की ती उठतात. अत्तर, डिओडरंट लावून यायचं नाही, दगड मारायचे नाहीत, आरडाओरडा नाही. उठलीच तर हात न हलवता तोंड कापडाने झाकून खाली निघायचं.

बी-४०३ (स्काउटमास्तर): डिसेंबरचा मुक्काम गावातल्या खासगी शेतात, मालकाची लेखी परवानगी घेऊन. वनखात्याच्या हद्दीत शेकोटी नाही. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं, शेकोटीभोवती ३ मीटर जागा खरवडून साफ करायची आणि दोन बादल्या पाणी हाताशी ठेवायचं.

तंबूचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात. जागा आजूबाजूपेक्षा वीतभर उंच हवी. ओढ्याकाठची सखल जागा दिवसा छान दिसते, पण रात्री थंड हवा उतरून तिथेच साचते. खुंटी तंबूच्या उलट बाजूला कलती ठोकायची, ताणदोर जमिनीशी साधारण ४५ अंशांवर. सुती दोर दवाने आखडतो आणि रात्रीत खुंटी उपटतो, म्हणून झोपण्याआधी तो थोडा सैल करायचा. नायलॉनचा असेल तर उलट, तो भिजून लांबतो, पहाटे ओढून घ्यावा लागतो. खाली अंथरलेला प्लास्टिकचा कागद तंबूच्या कडेबाहेर दिसता कामा नये. दिसला की त्यावर पडलेलं दव वाहत आत येतं. आणि थंडी वाजते म्हणून सगळी दारं घट्ट लावली की आठ जणांच्या श्वासाचं पाणी छताला धरतं आणि पहाटे ठिबकतं. वरची फट उघडी ठेवायची.

पांघरूण कितीही घ्या, अंगाखाली काही नसेल तर गारठणार. एकच रग असेल तर तो दुमडून खाली घालायचा आणि अंगात सगळे कपडे.

सी-३०२: मुलाची बॅग मी भरून देते, तो विसरभोळा आहे.

ए-१०२ (गाइड कॅप्टन): वहिनी, कृपा करून नका भरू. तुम्ही भरली तर अंधारात टॉर्च कुठे आहे हे त्याला कळणार नाही, आणि मग तो सगळी पिशवी मातीत ओतेल. यादी आम्ही देतो, तुम्ही फक्त शेजारी बसा. वजन त्याच्या वजनाच्या पाचव्या भागाहून जास्त नको, म्हणजे ३५ किलोच्या मुलाला ७ किलो. आतून मोठी कचऱ्याची पिशवी अस्तरासारखी लावायची. अंथरूण तळाला, जड वस्तू पाठीला चिकटून, रेनकोट आणि टॉर्च वर. जीन्स नको, एकदा भिजली की दोन दिवस वाळत नाही. बूट नवे असतील तर आजपासून दोन आठवडे सोसायटीत घालून फिरायला लावा.

डी-५०१: जेवण काय असतं?

बी-४०३ (स्काउटमास्तर): पहिल्या रात्री खिचडी, कारण चूल नवी आणि हात नवे. आठ जणांना तांदूळ ६५० ग्रॅम, मूगडाळ ३२५ ग्रॅम, पाणी ४ लिटर, तेल १०० मिली, मीठ दोन मोठे चमचे. चुलीवर झाकण सैल असतं, बरीच वाफ जाते, म्हणून घरच्या कुकरच्या मापाने पाणी घातलं तर खाली लागते. पातेल्याला बाहेरून चिखलाचा पातळ लेप द्यायचा, काजळी लेपासकट निघते आणि भांडी दहा मिनिटांत होतात.

चूल म्हणजे वाऱ्याच्या दिशेला तोंड असलेला चर, वीतभर रुंद, वीतभर खोल, हातभर लांब. कडेला दगड लावायचे ते कोरड्या शेतातले. ओढ्यातला दगड आतून ओला असतो, तापला की त्यातल्या पाण्याची वाफ होऊन फुटतो, आणि कपच्या थेट डोळ्यांच्या उंचीवर उडतात.

बिनभांड्याच्या स्वयंपाकाचा एक दिवस असतो. बटाटा निखाऱ्यात पाऊण तास, ज्वाळेत नाही, ज्वाळेत बाहेरून कोळसा आणि आत कच्चा राहतो. कणकेची दोरी काठीला गुंडाळून भाजतात, ती काठी बांबूची आणि घरून आणलेली. वाटेतली कुठलीही फांदी तोडायची नाही. कण्हेरीची तर चुकूनही नाही, तिचं विष शिजवल्याने जात नाही.

सी-२०१ (डॉक्टर): पाणी विहिरीचं असेल तर कापडाने गाळून खदखदा उकळी येऊ द्या, एक मिनिट. क्लोरीनची गोळी टाकली तर अर्धा तास थांबा. पाण्यापासून शौचाची जागा किमान ६० मीटर लांब, आणि वापरानंतर लगेच माती लोटायची. जुलाब झालेच तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोट घोट.

सापाबद्दल पालक विचारतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे, चारही विषारी जाती आपल्या भागात आहेत. चावा घेतला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. घड्याळ, कडं काढायचं, हाड मोडल्यासारखा तो हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवायचा, १०८ ला फोन, आणि मुलाला चालवायचं नाही, उचलून न्यायचं. जवळच्या कुठल्या सरकारी रुग्णालयात प्रतिविष आहे याची चौकशी शिबिराची जागा ठरवतानाच झालेली असते. मण्यार रात्री फिरते, म्हणून मुलांनी उघड्या जमिनीवर झोपू नये आणि बूट सकाळी झटकूनच घालावेत.

सी-३०२: धन्यवाद डॉक्टर. आणि जानेवारीनंतर?

ए-१०२ (गाइड कॅप्टन): २२ फेब्रुवारीला थिंकिंग डे. स्काउटिंगचे संस्थापक लॉर्ड बेडन-पॉवेल आणि त्यांच्या पत्नी लेडी बेडन-पॉवेल, दोघांचाही वाढदिवस, १८५७ आणि १८८९ सालचा. त्या दिवशी मोठी मुलं नव्यांना गाठी शिकवतात. १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिल्या शिबिरात वीसेक मुलांचे चार संघ केले होते, आपली संघांची पद्धत तिथूनच आली. एप्रिलमध्ये उन्हामुळे मुक्काम नाही, फक्त पोहणं आणि बचावाचे सराव.

बी-४०३ (स्काउटमास्तर): रविवारी सकाळी सात वाजता क्लबहाउसमागे. येताना दोर, पाण्याची बाटली आणि मुलाच्या ॲलर्जी व औषधांची माहिती भरलेला फॉर्म. फॉर्म नसेल तर मुलाला इथल्या सरावाला बसवतो, पण सहलीला नेत नाही. दोर ज्यांना एकत्र मागवायचा आहे त्यांनी आज रात्री नऊपर्यंत इथे फ्लॅट नंबर आणि संख्या टाका.

सी-३०२: सी-३०२, एक.

डी-५०१: डी-५०१, दोन.

ए-२०४: ए-२०४, एक. टोकं बांधायचा दोरा वेगळा आणायचा का सर?

बी-४०३ (स्काउटमास्तर): हो ताई. पोत्याला शिवतात तो सुतळीचा बारीक दोरा, दीड मीटर पुरेल.