ड्रॅगनला अजगर म्हणावं का?

रानमेवा: चित्रकलेवरच्या एका पुस्तकाचा अनुवाद करतेय. त्यात जर्मन चित्रकार अल्ब्रेख्त ड्यूररची १४९८ची, बायबलातल्या शेवटच्या 'प्रकटीकरण' या पुस्तकावरची पंधरा चित्रांची माला आहे. एका चित्रात देवदूत मीखाएल (मायकल) दोन्ही हातांनी भाला धरून ड्रॅगनच्या घशात खुपसतोय. मराठी बायबलात इथे 'अजगर' आहे, म्हणून मीही तोच लिहिला. संपादकांनी खाली लाल रेघ मारली: "अजगराला पंख कुठले?"

तिरकी रेघ: अजगरच ठेवा. ग्रीक 'द्राकोन' म्हणजे मोठा सापच. त्याचं नातं 'बघणे'शी, आपल्या 'दृश्'शी आहे. नजर रोखून बसलेला तो. शिवाय प्रकटीकरणात ही लढाई ज्या बाराव्या अध्यायात आहे, तिथेच त्याला जुना सापही म्हटलंय. अजगर काढलात तर एदेन बागेत हव्वेला भुलवणाऱ्या सापाशी असलेला संबंधच तुटतो.

गडवाट: शरभ, तो सिंहासारखा काल्पनिक प्राणी, का नको? आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर आहेच की. नख्या, शेपूट, कुठे कुठे पंखसुद्धा.

वसईकर: शरभ अजिबात नको. तो राखण करतो, हत्तीला पंजाखाली दाबतो. इथला प्राणी तुडवला जाणारा आहे. अर्थच उलटा होईल! आमची आजी देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, मायकलच्या पायाखालच्याला सरळ 'सैतान' म्हणायची.

शाईचं बोट: रानमेवाताई, या चित्रांना तुम्ही काय म्हटलंय?

रानमेवा: उत्कीर्णन.

शाईचं बोट: ते आधी बदला. ही लाकडावरची आहेत. रेघ तशीच ठेवून आजूबाजूचं लाकूड काढून टाकतात, वर राहिलेल्या रेघेला शाई लागते. उत्कीर्णन तांब्याच्या पत्र्यावरचं, तिथे नेमकं उलट, रेघच खोदायची आणि शाई खाचेत भरायची. दोन्हींना एक शब्द कसा चालेल? कापडछपाईत आपण 'ठसा' म्हणतो, तर हा लाकूडठसा.

तिरकी रेघ: ठसा म्हणजे छापायचं साधन. कागदावर उमटलेल्या चित्राला वुडकटच म्हणा, कलाशाळेत सगळे तेच म्हणतात.

शाईचं बोट: ठसा उमटतोसुद्धा! अंगठ्याचा ठसा कागदावरच असतो ना? घरातला शब्द असताना बाहेरचा कशाला?

गडवाट: काष्ठमुद्रा?

तिरकी रेघ: तो कुणाच्या तोंडी आहे?

रानमेवा: आत्ता भिंग घेऊन पुन्हा पाहिलं. सगळी लढाई वर आभाळात आहे. खाली झाडं, पाणी, चर्चचा मनोरा, सगळं शांत. शेपटीची वेटोळी मात्र सापाचीच वाटतात. मग अजगर ठेवू ना?

वसईकर: मनोरा की शिखर?