मदत हवी आहे: १९१८ च्या फ्लूत लोक मास्कला का वैतागले?

१९१८ च्या फ्लूवर लेख लिहितेय, एका जागी अडकलेय. सॅन फ्रान्सिस्कोत ऑक्टोबर १९१८ मध्ये मास्कची सक्ती झाली तेव्हा बहुतेकांनी तो घातला, नोव्हेंबरमध्ये सक्ती उठली, पण जानेवारी १९१९ मध्ये परत लावली तर थेट अँटी-मास्क लीग (मास्कविरोधी संघटना) उभी राहिली, माणसं तीच आणि आजारही तोच! फिलाडेल्फियात साथीतच काढलेली मोठी परेड, सेंट लुईसनं गर्दीवर लवकर घातलेली बंदी हे सगळं वाचून झालंय, पण त्यात शहरांची तुलना आहे, लोकांचं मन बदललं कसं ते नाही. कोविडशी तुलना नकोय. मला त्या काळातली पत्रं, डायऱ्या किंवा सभांची इतिवृत्तं हवीत, इंग्रजी चालेल पण ऑनलाइन फुकट वाचता यायला हवं. विरोध खरंच कंटाळ्यातून आला की पहिलं महायुद्ध संपल्यामुळे की सरकारवरचा विश्वास उडाल्यामुळे, हे कुठे तपासता येईल?