डावखुऱ्यासाठी बुलपप: एक्स-९५, ऑग की हेलियन?

डावरा: मंडळी, अमेरिकेत पहिली बुलपप, म्हणजे मॅगझिन चापाच्या मागे असलेली आखूड रायफल, घ्यायची आहे. तावोर एक्स-९५, स्टायर ऑग ए३ एम१ आणि हेलियन, या तिघींत अडकलोय. मी डावखुरा, बायको उजवी, आणि रायफल दोघांत एकच असणार. मागे रेंजवर उजव्यांसाठीची एक बुलपप डाव्या खांद्याला लावली आणि गरम पुंगळी थेट गालाला लागली. तेव्हापासून बाकी सगळं नंतर, आधी पुंगळी कुठून बाहेर पडते ते बघतो.

जुना नेमबाज: ऑग माझ्याकडे बरीच वर्षं आहे, तिच्याबद्दलच बोलतो. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९७७ साली स्वीकारलेली रचना. बॅरल हाताने निघते, त्यामुळे छोट्या बॅगेत मावते. डाव्या हातासाठी वेगळा बोल्ट मिळतो, तो लावला की पुंगळी डावीकडून बाहेर पडते. पण एआर-१५ रायफलची मॅगझिन घेणारा 'नाटो' दस्ता फक्त उजव्यांसाठी आहे, हे घेण्याआधी नक्की लक्षात ठेवा. डावा बोल्ट हवा तर ऑगचीच पारदर्शक मॅगझिन वापरावी लागतात. आणि बायकोच्या हाती देताना दर वेळी बोल्ट बदलणार का?

सोळा इंच: एक्स-९५लाही डावा बोल्ट वेगळाच घ्यावा लागतो. बाकी रायफल सुरेख. सैन्याच्या एक्स-९५ची बॅरल १३ इंचांची. इथे १६ इंचांखाली गेलं की वेगळी फेडरल नोंदणी लागते, म्हणून नागरी आवृत्तीला साडेसोळा. तरी एकूण लांबी २६ इंचांच्या जेमतेम वर! चापाचं मात्र स्वतः अनुभवा. बुलपपमध्ये चाप पुढे, गोळी उडवणारा हॅमर मागे, मध्ये लांब दांडी, त्यामुळे ओढ लिबलिबीत लागते. आधीच्या तावोर एसएआरपेक्षा एक्स-९५चा चाप बराच हलका आहे.

हेलियन म्हणजे क्रोएशियाच्या व्हीएचएस-२ या सैनिकी रायफलची नागरी आवृत्ती. तिची पुंगळी पडायची बाजू जादा भाग न घेता बदलता येते, पण रायफल उघडावी लागतेच. केल-टेक आरडीबी यादीत का नाही? तिची पुंगळी मॅगझिनच्या मागून खाली पडते. तुम्ही झाडा, लगेच बायकोला द्या, काही बदलायला नको.

डावरा: आरडीबी डोक्यातच नव्हती, मनापासून आभार. बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणते आधी चाप बघू. हेलियन आणि आरडीबी दोन्ही भाड्याने मिळाल्या तर दोघंही पन्नास-पन्नास गोळ्या झाडून बघतो, मगच पैसे.