सातबाऱ्यावर फक्त काकांचं नाव, ए.कु.मॅ. शेरा गायब

कोरडवाहू
आजोबा वारल्यावर जमिनीला थोरल्या काकांचं नाव ए.कु.मॅ. (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून लागलं. वडील आणि आत्या यांची नावं आलीच नाहीत. हस्तलिखित उताऱ्यावर शेरा आहे, संगणकीकृत सातबाऱ्यावर नाही. काकाही आता हयात नाहीत, त्यांची वारसनोंद व्हायची आहे. आमचा हक्क गेला का? अर्ज कुणाकडे करायचा?

बांधकरी
शेरा गळाला म्हणून हक्क जात नाही. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणजे एकटा मालक नव्हे. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 157 प्रमाणे सातबाऱ्याची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, इतकंच. पण शेऱ्याविना काका एकटेच मालक दिसतात आणि वारसफेरफारात (वारसांची नावं लावणाऱ्या नोंदीत) फक्त त्यांची मुलं येतील. तेव्हा तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) लेखी हरकत आजच द्या, पोच घ्या.

मग आजोबांच्या मृत्यूनंतरचा फेरफार, म्हणजे गाव नमुना 6, काढा. त्याचा क्रमांक जुन्या उताऱ्यावर काकांच्या नावाजवळ वर्तुळात असतो. नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळते. काही जिल्ह्यांचे स्कॅन ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर आहेत. अशा फेरफारात बऱ्याचदा ‘मयतास मुलगे अमुक, मुली तमुक, पैकी थोरले ए.कु.मॅ.’ असं लिहिलेलं सापडतं. तसं असेल तर अर्धं काम झालंच.

नमुना सहा
नुसता शेरा टंकताना राहिला असेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे अर्ज. सोबत हस्तलिखित उतारा आणि फेरफाराची नक्कल. पण हे कलम लेखनप्रमादापुरतंच, म्हणजे लिहिण्यातल्या चुकीपुरतंच. हल्ली ऊठसूट सगळं 155 मध्ये बसवतात आणि आदेश अपिलात उडतो.

नावं चढवायला ‘ए.कु.मॅ. कमी करून सर्व वारसांची नोंद’ असा वेगळा अर्ज लागतो: मृत्यूचे दाखले, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र. नोटिशीनंतर 15 दिवसांत हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. वंशावळीत आत्या हव्यातच. त्यांना हिस्सा नको असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. स्टॅम्पपेपरवरचं संमतिपत्र चालत नाही.

बांधकरी
एक राहिलं. चुलतभावांची नोंद आधीच प्रमाणित झाली असेल तर 60 दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील (कलम 247). मुदत टळली तर विलंबमाफीचा अर्ज जोडा. हिश्शावरूनच वाद असेल तर महसूल खातं तो सोडवू शकत नाही, दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावा. आणि दाव्याची लिस पेंडन्स नोटीस (जमिनीवर दावा चालू असल्याची सूचना) दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. महाराष्ट्रात ती नोंदवल्याशिवाय दाव्यादरम्यान जमीन घेणाऱ्यावर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 52 प्रमाणे निकालाचं बंधन येत नाही. वकीलसुद्धा हे विसरतात.

कोरडवाहू
सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे. तो अडवेल का?

नमुना सहा
नाही. बोजा तसाच राहतो, वारसांची नावं लागतात.