स्प्रे गन फुरफुरून राहिली, नवीनच घ्यावी का?

कूलरवाला_हिंगणारोड
कूलरच्या बॉड्या आणि गेट रंगवायचं काम आहे. गन वरच्या कपाची, नोझल १.४ चं. सध्या फवारा सलग येत नाही, थांबून-थांबून फुरफुरते. वरून फवाऱ्याचा पट्टा केळासारखा एका बाजूला वाकतो. कंप्रेसरचं प्रेशर बरोबर आहे. काम संपलं की पोरगा अख्खी गन रात्रभर थिनरच्या डब्यात बुडवून ठेवतो. दुकानदार म्हणतो, नवीन घ्या. सीझन तोंडावर आहे, काय करू?

लकडगंज_पॉलिशवाला
दुकानदार तर तेच म्हणणार ना भाऊ! थांबा जरा. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

आधी पट्टा. रद्दी पेपरवर एक फवारा मारा, मग एअर कॅप, म्हणजे नोझलवरची हवेची टोपी, अर्धा फेरा फिरवून दुसरा मारा. केळ उलटं झालं तर कॅपच्या शिंगातलं, म्हणजे पुढं आलेल्या टोकातलं, भोक बुजलं आहे. तसंच राहिलं तर घाण नोझलच्या तोंडावर आहे. कॅप काढून एकटीच थिनरमध्ये भिजवा, बांबूच्या काडीनं भोकं मोकळी करा. तार, टाचणी बिलकूल नाही. पितळ मऊ असते, भोक जरा जरी मोठं झालं की कॅप भंगारात.

फुरफुर म्हणजे रंगाच्या वाटेत हवा शिरून राहिली. कपाच्या झाकणाचं बारीक छिद्र वाळल्या रंगानं बुजलं तरी असंच होते, म्हणून पहिले ते पाहा. मग नोझल पान्यानं नीट कसा. शेवटी नोझलमधल्या सुईवरचं पॅकिंग, म्हणजे गळती रोखणारी गादी. त्याची नट थोडीशीच आवळा, सुई जाम नको व्हायला.

आणि ते रात्रभर बुडवणं आजच बंद करा. पॅकिंगचं तेल धुऊन जाते, ते आखडते. विरघळलेला रंग हवेच्या वाटांत जाऊन बसतो तो वेगळाच.

गॅरेज_कामठीरोड
नोझल काढताना सुई आधी बाहेर घ्या, नाहीतर बसायची जागा खरचटते. घासलंच असेल तर सुई, नोझल, कॅप तिन्ही सेटमध्येच बदला.

कूलरवाला_हिंगणारोड
झाकणाचं छिद्र ठार बंद होतं! फुरफुर गेली. कॅप फिरवल्यावर केळही उलटं झालं, ती आता भिजत घातली आहे. गेटला हार्डनरवाला रंग मारतो, त्याचं काय? आणि तेल कोणतं टाकू?

लकडगंज_पॉलिशवाला
हार्डनरवाल्याला दया नाही, तो गनच्या आतच घट्ट होऊन बसतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, तेव्हा तर चहालाही जायचं नाही, पहिले गन धुवायची. उरलेला रंग काढा, कपात थोडं थिनर घेऊन ट्रिगर दाबा, स्वच्छ येईपर्यंत. बिडीवाल्याला तेवढा वेळ शेडबाहेर पाठवा. मग ट्रिगरच्या पिनला आणि सुईच्या पॅकिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब, जास्तीचं पुसून टाका. सिलिकॉनवालं काही नको, पत्र्यावर रंग फाटून गोल खड्डे पडतात.