शब्दचर्चा : तमाला 'गुण' का म्हणायचे?

प्रश्न : सत्त्व, रज आणि तम या तीन गुणांपैकी आळस, झोप, अज्ञान ही तमाची लक्षणे, म्हणजे तो दोषच झाला. मग त्याला सत्त्वाच्या पंक्तीला बसवून 'गुण' का म्हणतात? आणि औषधाचा गुण, परीक्षेतले गुण, गुणसंधी यांतला शब्द एकच, की फक्त दिसायला सारखा?

उत्तर : शब्द एकच. 'गुण' म्हणजे काहीतरी चांगले, हे गृहीत धरल्यामुळे घोळ होतो. मराठीतही ते खरे नाही. 'ढवळ्याशेजारी बांधला पोवळा, वाण नाही पण गुण लागला' यातला गुण कौतुकाचा नाही, आणि 'काय गुण उधळलेस?' मधला तर मुळीच नाही.

सांख्य दर्शन मानणाऱ्यांचे सत्त्व, रज आणि तम म्हणजे प्रकृतीला (जगाच्या मूळ जड तत्त्वाला) चिकटलेली तीन वैशिष्ट्ये नव्हेत, प्रकृती त्यांचीच बनलेली आहे. सांख्यकारिका या त्यांच्या ग्रंथातली 13वी कारिका (श्लोक) पाहा : सत्त्व हलके आणि प्रकाशक, रज चालना देणारे आणि चंचल, तम जड आणि झाकणारे. तम नसेल तर रजाच्या धावण्याला आवर कोण घालणार? त्याच कारिकेत दिव्याचा दृष्टांत आहे. टीकाकार तो असा उलगडतात, की वात आणि तेल यांचे ज्योतीशी पटण्यासारखे काही नाही, तरी तिघे मिळून उजेड पाडतात. म्हणून 'अमुक माणूस सात्त्विक' याचा शास्त्रीय अर्थ 'त्याच्यात सत्त्वाचे प्राबल्य' एवढाच. उरलेले दोन त्याच्यातही असतातच.

दुसरे उत्तर : वरच्या उत्तरात वैशेषिक या दुसऱ्या दर्शनाची बाजू राहिली, आणि गफलत नेमकी तिथेच होते. त्यांचा गुण खरोखर 'द्रव्याच्या आश्रयाने राहणारा धर्म' आहे. या दर्शनाचे प्रवर्तक कणाद यांच्या सूत्रात 17 गुण मोजले आहेत. त्यांचे भाष्यकार प्रशस्तपाद यांनी गुरुत्व, द्रवत्व, स्नेह, संस्कार, धर्म, अधर्म आणि शब्द हे 7 धरून 24 केले. या यादीत दुःख आहे, द्वेष आहे, अधर्मही आहे! तेव्हा गुण म्हणजे चांगलेच, हे इथेही टिकत नाही.

दोन्हींतला फरक ओळखायची खूण सोपी आहे. वैशेषिक मतात गुणात गुण राहत नाही. पांढरा रंग कापडात राहतो, पण त्या रंगाला स्वतःचे वजन नसते. सांख्य मात्र तमाला 'गुरू' म्हणतात, म्हणजे त्याला जडपणा (वरच्या यादीतले गुरुत्व) देतात. ज्याला जडपणा आहे ते द्रव्यच असले पाहिजे. सांख्यांचे भाष्यकार विज्ञानभिक्षू यांनी हे स्पष्टच लिहिले आहे : सत्त्वादी ही द्रव्ये आहेत, वैशेषिकांचे गुण नव्हेत.

उपप्रश्न : द्रव्य आहे तर 'द्रव्य'च म्हणायचे. 'गुण' कशाला?

उत्तर : दोन कारणे दिली जातात. पहिले, सांख्यकारिकेचे टीकाकार वाचस्पतिमिश्र यांचे 'गुणा इति परार्थाः' : जे स्वतःसाठी नसून दुसऱ्याच्या कामी येते ते गुण. तिन्ही राबतात ते पुरुषासाठी (चेतन आत्म्यासाठी). मीमांसेतही (वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रातही) हाच अर्थ आहे. 'अग्निहोत्रं जुहोति' या वाक्याने होम सांगितला. 'दध्ना जुहोति' या वाक्याने त्याच होमासाठी दही सांगितले. होम प्रधान आणि दही गुण, म्हणून दुसरे वाक्य गुणविधी. आपला 'गौण' हा शब्द याच गुणापासून आला.

दुसरे कारण दोरीचे. गुण म्हणजे दोरी किंवा तिचा पदर. धनुष्याची प्रत्यंचाही गुणच. गीतेच्या 14व्या अध्यायात हे तीन गुण देहीला (देहातल्या आत्म्याला) 'निबध्नन्ति', बांधतात, असे म्हटले आहे. क्रियापद उगाच निवडलेले नाही. सत्त्वसुद्धा बांधते, सुखाच्या आणि ज्ञानाच्या आसक्तीने. पदरावरूनच 'पट' हा अर्थ आला : द्विगुण, शतगुण, गुणाकार.

'निस्त्रैगुण्यो भवार्जुन' (2.45) याचे भाषांतर 'गुणहीन हो' असे केले तर अनर्थ होतो. तीन पदरांच्या बंधनापलीकडे जा, असे तिथे म्हणायचे आहे. 'निर्गुण ब्रह्म' यातही कमतरता सुचवलेली नाही. उलट सुभाषितात 'निर्गुण' मनुष्य आला तर तो खरोखरच कर्तृत्वशून्य. संदर्भ शास्त्राचा की व्यवहाराचा, हे आधी ठरवावे.

तिसरे उत्तर : व्याकरणातला गुण राहिला. पाणिनींची ती संज्ञा आहे : 'अदेङ् गुणः' (1.1.2), म्हणजे अ, ए, ओ. इथे सद्गुण, दोरी, द्रव्य काही शोधू नये. महा + ईश = महेश, सूर्य + उदय = सूर्योदय. महा + ऋषी = महर्षी यात 'अर्' दिसतो, कारण ऋच्या जागी येणाऱ्या अ-ला 'र्' जोडला जातो. विद्यार्थी हमखास चुकतात ते 'एकैक' मध्ये. एक + एक इथे ऐ येतो, आणि ऐ ही वृद्धी (पाणिनींची वेगळी संज्ञा), गुण नव्हे. अ किंवा आ यांच्या पुढचा स्वर इ, उ किंवा ऋ (ऱ्हस्व वा दीर्घ) असेल तर गुण. ए, ऐ, ओ, औ असेल तर वृद्धी.

पत्रिकेतले 36 गुण मात्र निव्वळ मोजणीचे आहेत, परीक्षेतल्यासारखे. 8 कूटांना (जुळवून पाहायच्या बाबींना) अनुक्रमे 1 ते 8 गुण, बेरीज 36. त्यांतल्या 6 गुणांच्या कूटाचे नाव 'गण' आहे. ते 'गुण' असे वाचू नये.