नव्या घराभोवती बाग करायची आहे, सुरुवात कुठून करू?

नवंअंगण
घर बांधून झालं, रंगाचे डबे अजून पोर्चमध्येच पडलेत आणि आता भोवतालची मोकळी जागा अक्षरशः खायला उठते. पुढे साधारण ५ मीटर रुंद पट्टा, मागे १२ बाय ९ मीटर, दोन्ही बाजूंना जेमतेम दीड-दीड मीटर. मागच्या कोपऱ्यात आंब्याचं जुनं झाड आहे, बांधकामातून कसंबसं वाचलेलं. त्याच्या बुंध्याशी पायाच्या खोदाईतल्या मातीचा ढीग अजून तसाच आहे.

घरात सासू-सासरे (सासऱ्यांचे गुडघे दुखतात, पण भाजी त्यांनाच लावायचीये), सात वर्षांचा मुलगा आणि रांगणारी मुलगी. सासूबाईंना फुलं हवीत, मुलाला क्रिकेट, नवऱ्याला 'काहीही, फक्त रोज पाणी घालायला लावू नका'. माळीदादा म्हणतात, दोन ट्रक लाल माती पसरू, वर लॉन, कंपाउंडच्या कडेने रबराची झाडं, महिन्यात बाग तयार. मला यातलं ओ की ठो कळत नाही. हो म्हणू का?

ढेकूळ
आधी माळीदादांना थांबवा. एक ट्रकही आत येऊ देऊ नका.

नव्या घराभोवतीची माती ही माती राहिलेलीच नसते. खडीचे ट्रक आणि विटांचे ढीग यांनी ती दाबून टणक होते, पायाची खालची निकस माती वर येते आणि वरची कसदार माती त्याखाली गाडली जाते. त्यात सिमेंट, प्लास्टरचे तुकडे. त्यातल्या चुन्याने माती अल्कधर्मी होते आणि मग लोह मातीत असूनही झाडाला घेता येत नाही. नवी पानं पिवळी पडली आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर हेच कारण असण्याची शक्यता मोठी. यावर लाल मातीचा थर टाकला तर वर्षभर छान दिसेल, मग मुळं खालच्या टणक थरावर आपटतील आणि तिथेच थांबतील.

तीन-चार ठिकाणी ३० सेंमी खोल खड्डे खणा. आत काय निघतं ते बघा, डबर असेल तर उचलून बाहेर. मग खड्डा पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या. पुन्हा भरा आणि पट्टी उभी धरून तासाभरात पाणी किती उतरलं ते मोजा. २.५ सेंमीहून कमी उतरलं तर निचरा नाही, मुळं कुजणार. १० सेंमीच्या वर उतरलं तर पाणी ठरतच नाही. शेणखत किंवा कंपोस्टने दोन्ही सुधारतं, ५ ते ८ सेंमीचा थर वरच्या वीतभर मातीत कालवून.

माझं ऐकाल तर पहिला हंगाम बागेला देऊच नका. डबर काढा, जमीन खणून मोकळी करा, सगळीकडे ताग किंवा धैंचा (हिरवळीच्या खताची पिकं) पेरा आणि दीड-दोन महिन्यांनी, फुलावर येण्याच्या सुमारास, तिथेच मातीत गाडा. मुळं माती मोकळी करतात, नत्र फुकट मिळतं आणि तोवर तुम्हाला ऊन कुठे येतं तेही कळतं.

पाणीवाला
ढेकूळरावांना +१. माती आणायचीच झाली तर घराच्या भिंतीशी तिची पातळी जोत्यातल्या ओलरोधक थराच्या निदान १५ सेंमी खाली राहू दे, नाहीतर ओल भिंतीत चढणार. आणि उतार घरापासून बाहेर, पहिल्या ३ मीटरांत साधारण १५ सेंमी. बाजूच्या दीड मीटरच्या बोळात एवढी जागा नाही, तिथे फरसबंदीलाच उतार द्या आणि कडेने उघडी गटारी काढा.

दुसरं, पायवाटा पक्क्या करण्याआधी त्यांच्याखालून रिकामे पीव्हीसी पाइप आडवे घालून ठेवा. पुढेमागे ठिबकची नळी, दिव्याची वायर त्यातून जाते. नाहीतर नवीकोरी फरशी फोडा. सेप्टिक टँक, ड्रेनेज, पाण्याची लाइन कुठून गेलीये याचं माप कागदावर आजच उतरवून घ्या, गवंडी अजून फोन उचलतोय तोवर.

फांदीवर
रबराच्या झाडाला साफ नाही म्हणा. ते वड-पिंपळाच्या कुळातलं. कुंडीत गोंडस दिसतं, जमिनीत लावलं की कंपाउंड आणि ड्रेनेज दोन्हीकडे मुळं घुसवतं. घराजवळ मोठं झाड लावताना त्याची आजची नाही, पूर्ण वाढलेली उंची विचारा.

आणि तो आंबा! बुंध्याजवळचा ढीग लगेच काढा, पण जेसीबीने नाही, हाताने. मातीखाली गाडलेली साल कुजते. बुंधा जिथे पसरत जाऊन मुळं सुरू होतात तो भाग उघडा दिसला पाहिजे. अन्न घेणारी बहुतेक मुळं वरच्या ६० सेंमी मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही जातात, म्हणून तिथे नांगरट नको, तागही नको. वाळलेला पालापाचोळा पसरा, बुंध्यापासून वीतभर सोडून. अशी तयार सावली विकत मिळत नाही, बसायची जागा तिथेच करा.

हिरवळ_समर्थक
लॉनला सगळे शिव्याच घालणार का? सात वर्षांच्या मुलाला तागात क्रिकेट खेळायला सांगणार आहात?

ढेकूळ
लॉन करा की, पण मागच्या उन्हाच्या भागात, ६ बाय ५ मीटर पुष्कळ झालं. सबंध घराभोवती लॉन म्हणजे पाणी आणि कापणी यांची आयुष्यभराची नोकरी. तिच्या नवऱ्याची अट वाचा.

दोनपिल्लं
रांगणाऱ्या मुलीसाठी लिहिते. कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, एरंड, गुंज, धोतरा ही विषारी आहेत, सध्या अजिबात नकोत. कंपाउंडला लावायला कण्हेर हमखास सुचवतील, कारण ती पाण्यावाचून तगते. डिफेनबेकिया या शोभेच्या झाडाचं पान चावलं तर तोंड सुजतं, त्यामुळे तीही कुंडी उचला. फुलांसाठी जास्वंद आणि मोगरा चालतील.

सासऱ्यांसाठी ६०-७० सेंमी उंच वाफा बांधा, कडेला टेकून बसता येईल एवढा कठडा ठेवून. दोन्ही बाजूंनी हात पोचायचा तर रुंदी १.२ मीटरच्या वर नको, भिंतीला लागून असेल तर निम्मीच. भाजीला रोज सहा तास तरी ऊन लागतं. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चारला कुठे ऊन आहे ते मुलाकडून खडूने कागदावर रंगवून घ्या, त्याला उद्योग आणि तुम्हाला नकाशा.

नवंअंगण
बापरे, सगळ्यांना दंडवत. खड्डे खणले. मागे पाणी तासात ४ सेंमी उतरलं. पुढच्या पट्ट्यात मात्र वीतभर खाली प्लास्टरचा सलग थर लागला, पहार मारली की टणकन् आवाज, आणि संध्याकाळी भरलेलं पाणी सकाळी तसंच. गवंडी तिथेच माल कालवायचे. माळीदादांना सांगितलं तर जरा रुसले, पण ढीग हाताने काढायला तयार झालेत.

सासूबाई विचारतात, हंगामभर काहीच लावायचं नाही?

फांदीवर
त्यांना म्हणावं, मोगरा मोठ्या कुंडीत आजच लावा, पुढच्या हंगामात जमिनीत उतरवता येईल. लिंबू, पेरू, डाळिंब यांच्या जागा खुंट्या ठोकून ठरवा, लिंबाला चारही बाजूंनी दोन-अडीच मीटर मोकळे ठेवून. खुंटीवर फडकं बांधून स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघा, उजेड अडत असेल तर आताच सरकवता येते.

ढेकूळ
पुढचा तो थर मात्र पूर्ण फोडून बाहेर काढा. त्यावर वाफा बांधून भागवू नका. निघालेलं डबर पायवाटेखाली भरावाला वापरता येईल.